खून, चोरी, पंचनामा: पुरावा गोळा कसा होतो आणि कोर्टात पडतो कसा

प्रश्न असा आलाय की पोलीस पुरावा नक्की कसा गोळा करतात, सिरियलमध्ये दाखवतात तसा एका केसावरून माणूस पकडला जातो का, आणि सगळं जर एवढं सायंटिफिक झालंय तर मग आरोपी धडाधड सुटतात कसे. विचारणारी मुलगी आपल्या इंदूरचीच, रामबागेतली, लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहितो. मी होळकर सायन्स कॉलेजातून केमिस्ट्री केली आणि पुढची सगळी नोकरी पोलिसांच्या सीन ऑफ क्राइम मोबाइल युनिटमध्ये काढली, म्हणजे ठाण्यातून फोन आला की पेटी उचलायची आणि निघायचं, मग ते जुनी इंदूर असो, बाणगंगा असो नाहीतर महूच्या पुढचं एखादं सोयाबीनचं शेत. आता रिटायर आहे, मोकळेपणानं लिहिता येतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पुरावा सापडलाच नाही म्हणून सुटलेले आरोपी मी कमी पाहिले. सापडलेला पुरावा कोर्टापर्यंत धड पोचला नाही म्हणून सुटलेले कितीतरी जास्त. सील तुटकं, तारीख चुकलेली, पाकीट ओलं, पंच फितूर, ज्या कॉन्स्टेबलनं पाकीट लॅबमध्ये नेलं त्याची साक्षच नाही, असल्या गोष्टी. सिरियलमध्ये हे दाखवत नाहीत कारण मालखान्याचं, म्हणजे ठाण्यातल्या जप्त मालाच्या खोलीचं, रजिस्टर कोण बघत बसणार.

आता सुरुवातीपासून. घटना कळली की ठाण्यात एफआयआर होते, किंवा आपल्याकडे एमपीत पोलीस जागेवर जाऊनच फरियादीचं लिहून घेतात त्याला देहाती नालिसी म्हणतात, ती नंतर ठाण्यात नंबरावर चढते. मृत्यू संशयास्पद असेल तर आधी मर्ग कायम होतो, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, मग बॉडीचा पंचनामा, मग पीएमला (पोस्टमॉर्टेमला) एमवाय हॉस्पिटल. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली असेल तर पंचनाम्याला एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट येतात, बहुतेक वेळा नायब तहसीलदार. हे सगळं कागदावर ठीक आहे, पण खरी मारामारी पहिल्या तासाभरात असते आणि ती गर्दीशी असते. आपल्याकडे कोणाकडे काही झालं की अख्खा मोहल्ला आत, शेजारीण बॉडीवर चादर घालते, कोणीतरी फरशी पुसतं कारण "लेकरं बघतायत", भाऊ फास सोडून खाली उतरवतो (त्याला दोष देता येत नाही, जीव आहे का बघणारच तो), पार्षद (नगरसेवक) येतात, पत्रकार येतात, मग आमचेच मोठे साहेब चार गाड्यांनी येतात आणि दारातल्या बुटाच्या ठशावरूनच आत जातात. साहेबांना बाहेर थांबा म्हणायची हिंमत ज्या टीआयमध्ये (ठाण्याच्या मुख्य इन्स्पेक्टरमध्ये) असते त्याच्या केसेस टिकतात, हे मी स्वतः बघितलंय.

फ्रान्समधल्या लियोंचे एडमंड लोकार्ड, ज्यांनी १९१० मध्ये तिथे पोलिसांसाठी लॅब सुरू केली, त्यांचं तत्त्व तुम्हाला फोरेन्सिकच्या पहिल्या लेक्चरला शिकवतात की दोन गोष्टी एकमेकांना लागल्या की काहीतरी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे जातंच. परीक्षेत लिहायला चांगलं आहे. पण हेच तत्त्व चादर घालणाऱ्या शेजारणीलाही लागू आहे आणि साहेबांच्या बुटांनाही, हे लेक्चरमध्ये सांगत नाहीत.

आम्ही पोचलो की आत जायचा एकच रस्ता ठरवायचा, शक्यतो ज्या रस्त्यानं आरोपी आला-गेला नसेल तो, आणि सगळ्यांनी त्याच रस्त्यानं यायचं-जायचं. कशालाही हात लावायच्या आधी फोटो, लांबून, मधून, जवळून, आणि जवळच्या फोटोत पट्टी ठेवून, नाहीतर डाग दोन इंचाचा की दोन फुटाचा हे वर्षांनी कोर्टात कोण सांगणार. मग नजरी नकाशा, त्यात प्रत्येक वस्तूचं माप दोन पक्क्या जागांपासून, म्हणजे भिंतीचा कोपरा, दाराची चौकट वगैरे. आणि बारीकसारीक नोंदी: लाइट चालू होता का, पंखा चालू होता का, दाराला आतून कडी होती का, दुधाची पिशवी उचलली होती का तशीच दारात होती, पेपर कितीचा पडलाय, गॅसवरच्या भातात पाणी किती. डॉक्टरला मृत्यूची वेळ सांगताना खोलीत पंखा होता की नाही यानं फरक पडतो. बॉडी ताठ होण्याचा पुस्तकी हिशेब असा की बारा तासांत पूर्ण ताठ, बारा तास तशीच, पुढच्या बारा तासांत सैल, पण आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हा हिशेब साफ कोलमडतो, सगळं लवकर होतं. म्हणून "मृत्यू रात्री बरोबर पावणेबाराला" असं कोणी डॉक्टर सांगत नाही, जो सांगतो त्याच्यावर उलटतपासणीत तुटून पड.

एक उदाहरण जरा जवळून दाखवतो. पश्चिम इंदूरमधलं घर, फिर्याद अशी की सगळे लग्नाला गेले असताना चोर मागच्या खिडकीची काच फोडून आत आला, कपाट उचकटलं, दागिने गेले. खोलीत काच पसरलेली, कपाटातले कपडे जमिनीवर, सगळं बरोबर वाटत होतं. ठाण्याचे लोक काच बाजूला करायच्या बेतात होते. खाली बसून बघितलं तर काचेचे तुकडे साड्यांच्या वर होते. खाली एकही नाही. साडी उचलली, खाली फरशी कोरी. म्हणजे आधी कपाट उचकटलं, मग काच फुटली. जो माणूस काच फोडून आत आला त्यानं कपडे आत यायच्या आधीच कसे फेकले?

आता गंमत बघ, काच फुटली होती बाहेरूनच. चौकटीत अडकलेले तुकडे आम्ही काढले, ज्या बाजूला पावसाची धूळ आणि काजळी होती ती बाहेरची बाजू. काचेला धक्का बसला की मधून किरणांसारख्या भेगा निघतात, त्या भेगेच्या कडेवर भिंगातून बघितलं की वाकड्या रेघांची रांग दिसते, आणि या रेघा ज्या बाजूला काटकोन करतात त्याच्या उलट्या बाजूनं फटका बसलेला असतो. इथे काटकोन आतल्या बाजूला, म्हणजे फटका बाहेरून. तेव्हा फिर्याद तेवढ्यापुरती खरी. कोणीतरी घरात किल्लीनं शिरलं, दागिने काढले, कपडे पसरले, मग मागच्या गल्लीत जाऊन काच फोडली. घरच्याच मुलावर येऊन थांबलं ते, दागिने गोल्ड लोनमध्ये ठेवलेले निघाले. पण ही केस उभी राहिली ती साडीवर काच असलेल्या फोटोवर. कोणी आधी झाडू मारला असता तर माझं भिंग, माझी डिग्री, सगळं घरी.

लटकलेल्या बॉडीच्या बाबतीतही हेच. गळफास आत्महत्येचा असेल तर दोराचा व्रण सहसा तिरका, गळ्यात वर, गाठीपाशी तुटलेला असतो, आवळून मारलं असेल तर आडवा, खाली, गळ्याभोवती पूर्ण. हनुवटीवरून लाळ ओघळलेली दिसली तर जिवंतपणी लटकल्याची मोठी खूण. हे डॉक्टर बघतात. आम्ही वर बघतो. पंख्याच्या रॉडवर, पात्यावर धूळ कशी आहे, दोर जिथे बांधला तिथली धूळ घासली गेलीय का, स्टुलावर पायाचा ठसा आहे का, आणि स्टूल, माणसाची उंची आणि दोराची लांबी यांचा मेळ बसतो का. फास काढताना गाठ सोडायची नाही, गाठीपासून लांब कापायचा आणि कापलेली दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधून ठेवायची. गाठ कोणी बांधली हे गाठच सांगते कधी कधी, पण घाईत पहिली गाठच सोडली जाते.

रक्ताकडे येऊ. तपकिरी डाग म्हणजे रक्त असं नसतं, पान असतं, गंज असतो, महावर (पायाला लावायचा लाल रंग) असतो. जागेवर आम्ही फिनॉल्फ्थॅलिनची टेस्ट करतो, ओला कापूस डागावर घासायचा, रिएजंट, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, पटकन गुलाबी झाला तर रक्त असण्याची शक्यता. फक्त शक्यता, कारण मुळ्यासारख्या भाजीचा रससुद्धा फसवू शकतो. माणसाचं की बकऱ्याचं ते लॅब सांगणार, कोणाचं ते डीएनए. डाग उचलायचा तो स्वच्छ कापसानं डिस्टिल्ड वॉटर लावून, शेजारच्या कोऱ्या जागेचाही वेगळा नमुना घ्यायचा, सावलीत वाळवायचं आणि कागदाच्या पाकिटात घालायचं. कागदाच्या! मी हे नोकरीभर ओरडत राहिलो. ओला कुर्ता पॉलिथीनमध्ये कोंबून गाठ मारली आणि जुलैच्या पावसात मालखान्यात पडला की आठवड्यात बुरशी येते, डीएनए सडतं, आणि लॅबचा रिपोर्ट येतो की नमुना तपासणीस अयोग्य. मग सगळे लॅबला शिव्या देतात.

पाकिटावर लाख, लाखेवर सील, आणि त्याच सीलचा नमुना वेगळ्या कागदावर उठवून सोबत, कारण लॅबवाला पाकीट उघडायच्या आधी दोन्ही ताडून बघतो आणि रिपोर्टात लिहितो की सील शाबूत होतं, नमुन्याशी जुळलं. ही एक ओळ रिपोर्टातल्या सगळ्या केमिस्ट्रीपेक्षा महत्त्वाची. जप्ती कधी झाली, मालखान्यात कधी चढलं, बाहेर कधी निघालं, कोणी नेलं, सागरच्या लॅबमध्ये कधी जमा झालं, पावती कुठंय. मध्ये वीस दिवस गेले आणि कोणी सांगू शकलं नाही की पाकीट त्या वीस दिवसांत कुठे होतं, तर डिफेन्सचा वकील उठून एवढंच विचारतो, आणि खाली बसतो.

बोटांचे ठसे. याचं आपल्याला कौतुक हवं कारण जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ मध्ये कलकत्त्याला सुरू झालं. पद्धतीला नाव एडवर्ड हेन्रीचं लागलं, त्यातलं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन सब-इन्स्पेक्टरांनी बसवलं, नाव मात्र साहेबाचं, हे काही नवीन नाही. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या चहाच्या मळ्यातल्या मॅनेजरच्या खुनात एका पंचांगावर अंगठ्याचा ठसा मिळाला, जुन्या नोकराशी जुळला, पण कोर्टानं चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. ठसा एवढंच सांगतो की बोट इथे लागलं होतं. कधी लागलं, कशासाठी लागलं, हे सांगत नाही. नोकराचा ठसा मालकाच्या घरात असणारच. म्हणून घरातल्या सगळ्यांचे ठसे घेऊन आधी वजा करायचे असतात, लोक चिडतात, "आमच्यावर संशय?" म्हणतात, पण त्याशिवाय उरलेला ठसा परक्याचा हे कळणार कसं.

कोणत्या जागेवर काय चालतं तेही सांगतो. गुळगुळीत काचेवर, स्टीलवर पावडर आणि ब्रश, उजळ जागेवर काळी, गडद जागेवर पांढरी. कागदावर निनहायड्रिन, घामातल्या अमिनो अ‍ॅसिडशी लागून जांभळा ठसा उठतो. प्लास्टिकवर आपल्या फेविक्विकची वाफ, खरंच, सायनोअ‍ॅक्रिलेट तापवलं की वाफ ठशावर बसून पांढरी रेघ पक्की होते. मिळालेला ठसा आता नॅफिसमध्ये, म्हणजे देशभरच्या ठशांच्या कॉम्प्युटरमध्ये टाकता येतो, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यातून एका मृत माणसाची ओळख पटवणारं मध्य प्रदेश पहिलं राज्य ठरलं. तरी कॉम्प्युटर फक्त उमेदवार काढून देतो, शेवटी जुळवतं माणूसच, आणि माणूस चुकतो. २००४ मध्ये माद्रिदच्या बॉम्बस्फोटात एफबीआयनं ठसा जुळला म्हणून अमेरिकेतल्या एका वकिलाला धरलं होतं आणि नंतर माफी मागावी लागली. एफबीआय!

डीएनएबद्दल तुझ्या वयाच्या मुलांना वाटतं की ते आलं म्हणजे संपलं. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये पद्धत शोधली आणि इंग्लंडात ज्या पहिल्या मोठ्या खुनांच्या तपासात ती वापरली, तिथे पहिला उपयोग निर्दोष मुलाला सोडवण्याचा झाला, त्यानं कबुली दिली होती तरी! खरा आरोपी कॉलिन पिचफोर्क नंतर सापडला आणि १९८८ मध्ये शिक्षा झाली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीत लालजी सिंग यांनी हे काम उभं केलं. पण डीएनए म्हणजे काय तर दोन नमुने जुळले. दोन्ही नमुने कुठून आले, कोणी घेतले, मधल्या काळात कुठे होते, हे डीएनए सांगत नाही, ते परत त्या पाकिटावरच येतं. एका ग्लोव्हजनं दोन डाग उचलले की पहिल्याचं दुसऱ्यात.

विष हा आपल्या माळव्याचा खास विषय, घरोघरी गव्हात सल्फास, म्हणजे धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या. पोटात ओल आणि अ‍ॅसिड मिळालं की त्यातून फॉस्फिन गॅस निघतो, उतारा नाही. पीएमला व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे, काढून मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात, फॉर्मॅलिनमध्ये नाही, नाहीतर विष काढताच येत नाही. फॉस्फिनला सिल्व्हर नायट्रेटचा कागद लावला की काळा पडतो, पण बरणीचं झाकण सैल राहिलं आणि महिनाभर कपाटात पडली तर गॅस उडालेला, मग "विष आढळले नाही" आणि त्यावर दोन कुटुंबं जन्मभर भांडतात.

मोबाइलनं आमचं अर्धं काम बदललं. टॉवर लोकेशनबद्दल मात्र एक मोठा गैरसमज आहे, पेपरात येतं "लोकेशन घटनास्थळी मिळाले". सीडीआरमध्ये, म्हणजे मोबाइल कंपनीच्या कॉल रेकॉर्डमध्ये, घर दिसत नाही, टॉवर आणि त्याची दिशा दिसते. राजवाड्याच्या आसपास एका टॉवरच्या एका दिशेत सराफ्यात चाट खाणारे शेकडो लोक असतात, ते सगळे घटनास्थळी होते का? सीडीआरचा खरा उपयोग वेगळा आहे, कोण कोणाशी बोललं, घटनेनंतर फोन किती वेळ बंद राहिला, त्याच हँडसेटमध्ये नवं सिम कधी पडलं (आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा नंबर, सोडत नाही कोणाला). यावरून तपासाला दिशा मिळते, पुढे बाकीचं जोडावं लागतं.

सीसीटीव्हीचं सांगू का, पहिली गोष्ट म्हणजे डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ. दुकानदाराचं घड्याळ सात मिनिटं पुढे, शेजारच्याचं बारा मिनिटं मागे, आणि तपास अधिकाऱ्यानं दोन्ही फुटेज जोडून आरोपी एका मिनिटात दोन चौकांत दाखवला, असलं होतं. फुटेज घेताना आधी डीव्हीआरच्या स्क्रीनचा आणि चालू मोबाइलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढायचा, फरक पंचनाम्यात लिहायचा, संपला विषय. दुसरं म्हणजे जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी गल्लीतले सगळे कॅमेरे मोजायचे. आणि तिसरं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं सर्टिफिकेट. जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५-बी, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३, त्यात आता हॅश व्हॅल्यू पण द्यावी लागते, म्हणजे फाइलमधून काढलेला असा आकडा की एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं सर्टिफिकेट सक्तीचं आहे हे पक्कं केलं. मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपनं मागवलेलं फुटेज पेन ड्राइव्हमध्ये टाकून "हा घ्या पुरावा" चालत नाही. आपल्या इंदूरकरांना व्यापमं, एमपीतला परीक्षांचा घोटाळा, आठवत असेल, ७ जुलै २०१३ च्या पीएमटीच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) आदल्या रात्री इंदूर क्राइम ब्रँचनं हॉटेलांमधून दुसऱ्याच्या नावानं पेपर द्यायला आलेली मंडळी उचलली आणि तिथून ते उघडं पडलं, पण पुढे वर्षानुवर्षं भांडण कशावर, तर हार्ड डिस्कमधल्या एक्सेल शीटमध्ये कोणी बदल केला की नाही यावर, ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत.

आता कबुली. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे तुला माहीतच असेल. पण एक खिडकी उघडी आहे, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक, आपल्याकडे ठाण्यात त्याला मेमोरेंडमच म्हणतात: आरोपीनं सांगितलं म्हणून एखादी गोष्ट सापडली तर तेवढा भाग चालतो. १९४७ चा पुलुकुरी कोट्टया निकाल नीट वाच, प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) सांगितलंय की भाला सापडला म्हणजे "या भाल्यानं मी मारलं" हे सिद्ध झालं नाही, भाला कुठे होता हे त्याला माहीत होतं एवढंच. या खिडकीतून इतकी वर्षं इतके सुरे, कुऱ्हाडी आणि रक्तानं माखलेले शर्ट आलेत की विचारू नकोस. आरोपी खून करतो आणि शर्ट घरी पलंगाखाली जपून ठेवतो, न धुता, पंधरा दिवस. आणि पंच दरवेळी तेच दोघं, ठाण्यासमोरचा चहावाला आणि त्याचा मेव्हणा. जज लोक हे ओळखतात. चांगला टीआय मोहल्ल्यातला शाळामास्तर, पोस्टातला माणूस असा पंच शोधतो, वेळ लागतो, पण असा माणूस कोर्टात सहसा फिरत नाही. नार्कोचं सांगायचं तर, सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग काहीच करता येत नाही, आणि माझ्या मते बरं झालं, त्यानं तपास आळशी होत होता.

साक्षीदार नसेल तर सगळं परिस्थितीजन्य पुराव्यावर. यावरचा पायाचा निकाल आपल्याच राज्याचा आहे, १९५२ चा हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश. नरगुंदकर एक्साइज कमिशनर, आरोप काय तर शिवनीच्या दारू डिस्टिलरीचं सीलबंद टेंडर फुटलं. सुप्रीम कोर्टानं सोडलं त्यांना, आणि सांगितलं की कड्या अशा जुळायला हव्यात की निर्दोष असण्याला वाजवी जागाच उरू नये. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात याचीच पाच सूत्रं झाली, निकालात त्याला पंचशील म्हटलंय. परीक्षेत दोन्ही येतात, पण तपास अधिकाऱ्यानं ते पहिल्या दिवशी डोक्यात ठेवायला हवेत. आरोपी कोण हे ठरवून मग कड्या शोधायला निघालं की न जुळणारी कडी डायरीत उतरतच नाही. माझं एक साधं मागणं असायचं, जी गोष्ट आरोपीच्या बाजूनं जाते ती पण लिही. फार थोडे लिहायचे.

हेतूवर सगळे भाळतात. आपल्या इंदूरचंच जुनं प्रकरण आहे, बावला खून खटला. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याला गाडी अडवून मारलं, सोबतची मुमताज बेगम आधी इंदूर दरबारात होती आणि तिथून निघून आलेली. योगायोगानं गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी तिथे पोचले, एकाला जागेवर धरला, मुमताज वाचली, आणि धागा सरळ इंदूरला आला. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, दरबारातले अधिकारी आनंदराव फणसे यांचे वकील होते जिन्ना. हेतू कोणाकडे बोट दाखवतो हे तेव्हा सगळ्या देशाला वाटत होतं, पण इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांवर खटला चालला नाही, चौकशी आयोगाला सामोरं जा नाहीतर गादी सोडा असं झालं आणि त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. आमच्या आजोबांच्या पिढीत यावर नारायण बागेच्या ओट्यांवर पैजा लागायच्या म्हणे. कोर्टात जे सिद्ध झालं ते जागेवर धरलेल्या माणसापासून आणि जिवंत साक्षीदारापासून मागे मागे जाऊन झालं, हेतूपासून पुढे जाऊन नाही.

नव्या कायद्यानं काय बदललं? १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झालं, त्यात कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जायलाच हवं, व्हिडिओसकट, राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुभा आहे. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग. मला हे दुसरं जास्त आवडलं. शर्ट पलंगाखालून निघतो तो व्हिडिओत कसा निघतो ते बघायची मला फार उत्सुकता आहे. पहिल्याबद्दल मात्र मनात शंका आहे, सात वर्षांच्या गुन्ह्यात घरफोड्यासुद्धा येतात, एवढी माणसं कुठून आणणार, नाहीतर तज्ज्ञ गाडीतूनच फोटो काढून पुढच्या जागी.

तुला खरंच शिकायचं असेल तर सेशन्स कोर्टात कोणा सिनियरबरोबर जा आणि एखाद्या खुनाच्या केसचं चालान, म्हणजे आरोपपत्राची फाइल, मागून घे. पीएम रिपोर्ट आणि कबुलीजबाब आधी वाचू नकोस. कोऱ्या कागदावर फक्त तारखा आणि वेळा उतरव: खबर कधी, रोजनामच्यात (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) रवानगी कधी, जप्ती कधी, मालखान्यात कधी, लॅबला कधी, रिपोर्ट कधी, मेमोरेंडम कधी आणि अटक कधी. मेमोरेंडमची वेळ अटकेच्या आधीची निघाली किंवा जप्तीच्या वेळी तोच अधिकारी रोजनामच्यात दुसऱ्या गावी दिसला, तर तिथे पेन्सिलनं खूण कर आणि मग बाकीचं वाचायला घे. आणि हो, घरी चोरी झाली तर पोलीस येईपर्यंत झाडू मारू नका, कपाटाला हात लावू नका, आईला सांगून ठेव. ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र थांबायचं नाही, लगेच १९३० ला फोन, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात.